ब्रेक ऑइल आणि क्लच ऑइल घरी बदलणे: कोणी करतं का?

घाटमाथा

इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे शंभर सापडतील. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं असं विचारलं तर मात्र उत्तर ठरलेलं: "सर्व्हिसिंगला बघतात की ते." बघतात म्हणजे काय, तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे ना, तेवढं बघतात. पातळी बरोबर असून ऑइल निकामी असू शकतं, हे सांगायला हा धागा.

गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो, पण हे पेट्रोलियम तेल नव्हे. आपल्या बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ (ही ऑइलची प्रमाणित प्रत) असतं आणि ते ग्लायकॉल ईथरपासून बनतं. हवेतलं पाणी ओढून घेणं हा त्याचा स्वभावच. डबीच्या झाकणातून, रबरी होजमधून दमटपणा हळूहळू आत शिरतो. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू कमीत कमी २३०° से. असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की १५५° पर्यंत आला तरी ते मानकात बसतं. डॉट ३ चे हेच आकडे २०५° आणि १४०°. शहरात हा फरक जन्मात कळणार नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना कळेल.

घाटात ब्रेक गेले म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. पॅडल घट्ट आहे, जीव खाऊन दाबलं तरी गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड किंवा लायनर तापलेत. पॅडल स्पंजासारखं होऊन खाली जातंय, म्हणजे ऑइल उकळून त्याची वाफ झालीय. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पायाचा जोर कॅलिपरपर्यंत (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पोचतच नाही. आणि हे बरेचदा उतारावर नाही, उतार संपल्यावर होतं. चहाला गाडी उभी केली की डिस्कला लागणारा वारा थांबतो, तिची सगळी उष्णता कॅलिपरमध्ये उतरते आणि ऑइल तिथे उकळतं. चहा पिऊन निघालात की पहिल्याच ब्रेकला पॅडल तळाला. अर्ध्या-पाऊण तासाने थंड झालं की सगळं पूर्ववत! मेकॅनिकला दाखवायला काही उरत नाही, "साहेब, ब्रेक तर ओके आहे" असं ऐकून माणूस घरी येतो.

माझी गाडी २०१६ ची पोलो. ब्रेक आणि क्लच दोन्ही एकाच डबीतून ऑइल घेतात. दर दोन वर्षांनी मी घरीच बदलतो, पत्नी पॅडलवर आणि मी चाकाखाली. पद्धत अशी.

सामान: सीलबंद डॉट ४ एक लिटर (अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे दुसरी उघडावी न लागल्यास तशीच राहते), निपलवर (चाकामागचा, जुनं ऑइल बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू) घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी हातभर, पाण्याची जुनी बाटली, मोठी सिरिंज, निपलच्या मापाचा रिंग पाना (गाडीगाडीनुसार ८, १० किंवा ११), जॅक, आणि जॅकइतकेच महत्त्वाचे दोन स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचं चाक उचललंत की त्याचा अर्धा भरवसा गेला, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड.

इंजिन बंद. सिरिंजने डबीतलं जुनं ऑइल ओढून घ्यायचं, तळाशी थोडं राहू द्यायचं, मग मॅक्सपर्यंत नवं भरायचं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलचं रबरी टोपण काढा, आधी पाना अडकवा, मग नळी बसवा (उलट केलंत तर पाना आत जाणार नाही). नळी निपलपासून आधी वर आणि मग खाली बाटलीत, टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं, म्हणजे हवा मागे ओढली जात नाही. पॅडलवाल्याने दाबून धरायचं, तुम्ही निपल पाव फेरा सैल करायचा, पॅडल खाली जातं, नळीतून काळपट ऑइल सरकताना दिसतं. निपल आवळायचं आणि त्यानंतरच पॅडल सोडायचं. हा क्रम चुकला तर हवा आत.

आमच्याकडे "सोड" या शब्दावरून दोनदा भांडण झालं, कारण पॅडल सोडायचं की निपल सोडायचं ते कळेना. आता ती "दाबलंय" म्हणते, मी "बंद" म्हणतो. बंद ऐकल्याशिवाय तिचा पाय हलत नाही. तिसरा शब्द नाही.

दर आठ-दहा दाबांनंतर डबी बघा. मिनच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा एक नियम पाळला तर बाकी सगळं निभावतं. लांबच्या चाकाला साधारण दोन-अडीचशे मिली, बाकीच्यांना त्याहून कमी लागतं. क्लचचं निपल गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरला (ऑइलच्या दाबाने क्लच हलवणारा भाग) असतं. तिथलं ऑइल नेहमी सगळ्यात काळं. थोडंसंच ऑइल, बंद टोकाची नळी, शेजारी तापणारी क्लचची हंडी आणि आत घासणारी रबरी सील, मग दुसरं काय होणार!

शेवटी मॅक्सपर्यंत पातळी, झाकण, सगळी निपलं पुसून कोरडी. इंजिन चालू करून पॅडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा आणि कोणाला तरी चारही निपलं बघायला सांगा. मग पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून तपासा.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगतो.

कृष्णाकाठ

भावा, जबरदस्त. वॅगनआरला क्लचचं निपल कुठं आसतं? तासभर शोधलं.

घाटमाथा

@कृष्णाकाठ, नसतं. वॅगनआर, आल्टोला क्लच केबलचा. तिथे ऑइलचा संबंध नाही, केबल ॲडजस्ट करायची किंवा बदलायची. ब्रेकची चार चाकं करा आणि मोकळे व्हा.

जुना_फिटर

चांगलं लिहिलंय, पण क्रमात एक गोष्ट राहिली. डबीला हात लावण्याआधी चारही चाकांची आणि क्लचची निपलं सुटतात का ते बघून घ्यावं. फक्त सैल करायची आणि परत आवळायची. तीन चाकं झाली आणि चौथ्याचं निपल गंजून बसलंय, ही पाळी रविवारी संध्याकाळी येते आणि तेव्हा सगळी दुकानं बंद असतात.

आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवा. फिक्स पाना वापरू नका, कडा गोल होतात. बारा कोनी रिंगपेक्षा सहा कोनी चांगली. सुटलं नाही तर आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवायचं, मग सोडायचं. निपल पोकळ असतं, मानेतच तुटतं. एकदा तुटलं की कॅलिपर उतरवून लेथवाल्याकडे न्यावा लागतो. जोर वाढत चाललाय असं हाताला जाणवलं की थांबा आणि गॅरेजला जा, त्यात कमीपणा नाही. आवळतानाही तेच. निपल आवळायला चाकाच्या नटाची ताकद लावणारे मी पाहिलेत, आटे गेल्यावर माझ्याकडे यायचे.

दुसरं. गाडी दहा-बारा वर्षांची असेल तर पॅडल पूर्ण तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरमधला (पॅडलच्या जोराने ऑइल ढकलणारा भाग) पिस्टन रोज जेवढा भाग फिरतो तेवढा गुळगुळीत असतो, पुढच्या न वापरलेल्या भागात गंज आणि कचरा बसलेला असतो. तळापर्यंत दाबलं की रबरी सील त्या गंजावरून घासतं आणि काम झाल्यावर आठवड्याभरात पॅडल आपोआप खाली बसायला लागतं. लोक म्हणतात ऑइल बदललं आणि मास्टर गेला. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की प्रश्न मिटला.

मृण्मयी_नाशिक

@जुना_फिटर काका, ठोकळ्याची युक्ती कुठल्याच व्हिडिओत नव्हती. तुम्ही एसटीत होता का?

जुना_फिटर

नाही हो ताई. एसटीच्या गाड्यांना हवेचे ब्रेक, तिथे या ऑइलचं काम नाही. मी जीप आणि ट्रॅक्सवर हात काळे केले.

वऱ्हाडी_ठसका

काहून एवढा कुटाणा करून राहिले भाऊ? गॅरेजवाला हजारेक रुपयात करून देते. इकडं अकोल्यात मे महिन्यात पार्किंगमधी झोपून चाकं खोलाची म्हणजे जीव द्याचं काम. अन् आमच्याकडं घाट बी नाही.

मृण्मयी_नाशिक

@वऱ्हाडी_ठसका भाऊ, गॅरेजवाला करत असेल तर जरूर द्या. माझा प्रश्न तिथेच होता. मागच्या वर्षी बिलात "ब्रेक फ्लुइड रिप्लेसमेंट" लिहून पैसे लावले. घरी येऊन पाहिलं तर चारही निपलांच्या रबरी टोपणांवर चिखल तसाच वाळलेला. डबीतलं काढून नवं भरलं, एवढंच केलं होतं. वरून बघितलं तर सोनेरी, स्वच्छ ऑइल! कॅलिपरमध्ये जुनंच. आणि तापतं ते कॅलिपरमधलं.

तेव्हापासून मी गाडी देताना निपलच्या टोपणावर खडूची बारीक खूण करते. स्वतः बदलणार नसलात तरी तेवढं करा.

घाट नाही म्हणता, पण पाण्याने फक्त उकळणं लवकर होतं असं नाही. आतून गंजही धरतो. व्हील सिलिंडर (ड्रम ब्रेकमध्ये कॅलिपरचं काम करणारा भाग) गळायला सपाट रस्ताही चालतो.

वऱ्हाडी_ठसका

खडूची गोष्ट पटली बुवा. करतो.

अष्टागर

आम्ही अलिबागकडचे, खारी हवा आणि चार महिने पाऊस. इथे दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं, गाडी किती किमी चालली याला अर्थ नाही. मुंबईकरांच्या वीकेंडच्या गाड्या बंगल्यात उभ्या असतात, रनिंग पाच हजार आणि ऑइल चहाच्या रंगाचं.

पेनासारखा टेस्टर मिळतो, हिरवा-पिवळा-लाल दिवा लागतो. माझ्याकडे आहे, पण त्यावर फार विसंबत नाही. तो विद्युतवाहकता मोजून पाण्याचा अंदाज बांधतो, आणि ऑइलच्या कंपनीनुसार वाहकता मुळातच वेगळी असते. शिवाय डबीतलं ऑइल तपासून कॅलिपरमधलं कळत नाही. ऑइल प्रत्यक्ष उकळवून बघणारं यंत्र खरं. लाल दिवा लागला तर बदला, हिरवा लागला तर तारीख बघा.

डेट्रॉइटचा_देशपांडे

तुमच्या खाऱ्या हवेला आमच्याकडचं उत्तर: मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठच टाकतात. इथे पाच-सहा वर्षांच्या गाडीची निपलं म्हणजे गंजाचा गोळा. म्हणून मी ऑइल बदलायचं नसलं तरी वर्षातून एकदा निपल सैल करून, आट्यांना बाहेरून ग्रीस लावून परत आवळतो. टोपणं हरवू देऊ नका, ती फुकटची वाटतात पण निपलचं भोक तीच वाचवतात.

घरी दुसरा माणूस नसेल तर तीन रस्ते. निपल उघडून ऑइल आपोआप गळू द्यायचं: वेळ लागतो, पण बिघडायला काही नाही, डबीवर नजर ठेवली की झालं. डबीच्या तोंडावर हवेचा दाब देणारा पंप: सगळ्यात चांगला, फक्त झाकण आपल्या गाडीच्या मापाचं हवं. निपलकडून ओढणारा व्हॅक्युम पंप: स्वस्त, पण निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढतो आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत. नवीन माणूस घाबरून दोन बाटल्या ओततो. ते बुडबुडे लाइनमधले नसतात.

सोमवार_पेठी

डॉट ५.१ टाकलं तर जास्त चांगलं ना? आकडा मोठा आहे. आणि दुकानदार डॉट ५ देतोय, तेच का?

घाटमाथा

@सोमवार_पेठी, ते नाही! डॉट ५ सिलिकॉनचं असतं, पाण्यात आणि ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत तर नकोच. रंग जांभळा. डॉट ५.१ मात्र डॉट ३ आणि ४ च्याच ग्लायकॉलच्या घराण्यातलं, कोरडा उत्कलनबिंदू २६०° आणि ओला १८०°. ही नावं कोणी ठेवली त्याला नमस्कार. झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ च टाका. डॉट ३ च्या जागी ४ चालतं, ४ च्या जागी ३ नको. ईएसपीच्या (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) नव्या गाड्यांना थंडीतही पातळ राहणारं डॉट ४ सांगितलेलं असतं, गाडीच्या पुस्तकात बघा.

जुना_फिटर

आणि इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंग ऑइल चुकूनही नको. गावाकडे एकाने पातळी कमी दिसली म्हणून पंपावरचं इंजिन ऑइल ओतलं होतं. रबर फुगलं. मास्टर, कॅलिपरची सील, होज, व्हील सिलिंडर, झाकणाचं रबरसुद्धा बदलावं लागलं. ब्रेक आधी चिकटून बसले म्हणून गाडी जागेवरच थांबली, त्यातल्या त्यात नशीब.

पातळी का कमी झाली ते आधी बघावं. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं ऑइल डबीतून कॅलिपरमध्ये जातं. ती गळती नव्हे. अशा वेळी वरपर्यंत भरलंत आणि पुढच्या महिन्यात नवे पॅड टाकले की पिस्टन मागे दाबताना डबी उतू जाते.

अष्टागर

उतू गेलेलं रंगावर पडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. हे पाण्यात विरघळतं, पण तसंच राहिलं तर रंगाचे पापुद्रे निघतात. काम करताना मडगार्डवर ओलं फडकं आणि हाताशी पाण्याची बादली. डोळ्यांना चष्मा.

कृष्णाकाठ

चाकांचा क्रम नक्की कुठला? यूट्यूबवर एक म्हणतोय उजवं मागचं पहिलं, दुसरा म्हणतोय डावं मागचं.

डेट्रॉइटचा_देशपांडे

उजवं मागचं म्हणणारा आमच्याकडचा असणार. डावीकडे स्टिअरिंग असलं की मास्टर सिलिंडर डावीकडे आणि उजवं मागचं चाक सर्वांत लांब. तुमच्याकडे आरशातलं उलट: डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. पण हा काही वेदातला मंत्र नाही. काही होंडा गाड्यांच्या पुस्तकात सुरुवात पुढच्या चाकापासून आहे. गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला क्रम.

घाटमाथा

सहमत. लाइनमध्ये हवा शिरली असेल तर क्रमाला महत्त्व. नुसतं जुनं ढकलून नवं आणायचं असेल तर कुठल्याही क्रमाने चारही नीट झाली म्हणजे झालं.

मृण्मयी_नाशिक

एबीएसच्या गाडीचं ऑइल बदलायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो का? गॅरेजवाले त्याच नावाखाली घाबरवतात.

घाटमाथा

डबी रिकामी होऊ दिली नाहीत तर नाही लागत. एबीएसच्या मॉड्यूलमधल्या बंद झडपांमागे थोडं जुनं राहतं, ते पुढे मिसळतं, चालतं. मॉड्यूलमध्ये हवा शिरली तर मात्र झडपा उघडायला स्कॅनर हवा, तेव्हा गाडी टो करूनच न्यावी. मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी पुस्तक वाचा.

कृष्णाकाठ

भावांनो, मदत पायजे. आत्ता मित्राची पोलो करतोय. ब्रेक झकास झालं. क्लचचं निपल उघडून दाबलं तर पॅडल खालीच राहिलं, वर येईना. मोडलं काय?

जुना_फिटर

काही मोडलं नाही, घाबरू नका. क्लचच्या पॅडलला वर आणणारा दाब दुसऱ्या टोकाकडून मिळतो. निपल उघडल्यावर तो दाब गेला. निपल बंद करा, पॅडल हाताने वर ओढा, सावकाश. परत हाताने दाबा, दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, परत हाताने वर. पायाने दणादण पंपिंग करू नका.

घाटमाथा

आणि डबी बघा. क्लचची नळी डबीला बाजूने, बऱ्याच उंचीवर जोडलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकचं ऑइल शिल्लक राहावं. त्यामुळे ब्रेकला पुरेशी वाटणारी पातळी क्लचला कमी पडते आणि तो हवा ओढतो. क्लच करताना मॅक्सच्या आसपासच ठेवा.

कृष्णाकाठ

पातळी मिनच्या जरा वर होती. भरली. हातानं पंधरा-वीसदा केलं, आधी फसफस बुडबुडे आलं, मग शाई, मग स्वच्छ. आता पॅडल वर येतंय आणि रिव्हर्स टाकताना जी करकर व्हायची ती गेली. मित्र म्हणतोय नवी गाडी वाटाय लागली. त्याला म्हटलं जेवण घाल.

जुनं ऑइल बाटलीभर निघालंय. गटारीत ओतू?

अष्टागर

अजिबात नको. विहिरीच्या, नाल्याच्या पाण्यात जातं, आणि गोडसर असल्याने जनावरंही तोंड लावतात. झाकण घट्ट लावून, वर मोठ्या अक्षरांत लिहून गॅरेजच्या खराब ऑइलवाल्याला द्या, इंजिन ऑइलमध्ये न मिसळता. पाण्याच्या बाटलीत भरलंय ना? मग आत्ताच लिहा, घरात लहान मुलं असतील.

कृष्णाकाठ

लिवलं. लाल मार्करनं. नव्या बाटलीत पावशेर उरलंय, ते पुढच्या वर्षी चालंल का?

जुना_फिटर

सील फोडलेलं ठेवू नका. उघडल्या क्षणापासून ते पाणी प्यायला लागतं. आठवडाभरात कोणाची बुलेट वगैरे असेल आणि झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर तिच्या पुढच्या ब्रेकला वापरून टाका.

कृष्णाकाठ

मित्राचीच हाय. जेवणाआधी करतो.